अर्धा उघडा व्हॉल्व्ह

तिसऱ्या खेपेलाही उबवणीच्या टाकीत रिकामी सालं तरंगत होती. सुमनबाईंनी ती ओंजळीत घेऊन मला दाखवली. ओल्या कागदाच्या कपट्यांसारखी. आत काही नाही.

कोंढा गावाजवळ मच्छीमार सोसायटीचं एक मत्स्यबीज केंद्र आहे. मी तिथली टेक्निशियन. वरच्या टाकीत रोहू माशांचे नर-माद्या सोडायचे. त्यांनी अंडी घातली की ती पाण्याबरोबर पाइपातून खालच्या टाकीत आणायची. तिथे त्यांतून पिल्लं निघतात. सुरुवातीला ती जिऱ्याएवढीच दिसतात, म्हणून त्यांना जिरेच म्हणतात; तलावात सोडायचं बीज ते हेच.

रोहूचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं. पाण्यात पडलं की फुगतं आणि भिजलेल्या साबुदाण्यासारखं दिसतं. बाहेर ताणलं जाणारं पातळ साल, आत पाणी, मध्ये जीव.

सोसायटीचे अध्यक्ष नान्हेकाका त्या सकाळी टाकीच्या काठावर उभे होते. त्यांना वाटत होतं की नर-माद्या म्हातारे झाले. खरं तर मलाही तसंच वाटत होतं. जाताना ते एवढंच बोलले, "मॅडम, पुढच्या खेपेले जिरे नाही निघाले तं आमी बाहेरून बीज आणू. तलाव रिकामे पडून आहेत."

बाहेरून बीज आणायचं तर केंद्र कशाला हवं? हे त्यांनी म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं.

सुमनबाई माझ्याआधीपासून इथे अंडी गोळा करतात. पुढच्या खेपेला त्यांनी वरच्या टाकीत हात घातला आणि विचारलं, "वर तं अंडे चांगले दिसून राहिले, मॅडम. मंग खाली जाऊन काहून फुटून राहिले?"

मी लगेच पाणी थांबवलं. आतापर्यंत आम्ही फक्त खालचीच अंडी तपासत होतो. दोन थाळ्या घेतल्या. एकीत वरची अंडी, दुसरीत पाइपातून नुकतीच उतरलेली. वरची जवळजवळ सगळी धड. खालची निम्म्याहून जास्त फुटलेली. म्हणजे मासे निर्दोष होते. जे काय होत होतं ते पाइपात.

पण पाइप चांगला रुंद, आतून गुळगुळीत. मध्ये फक्त एक व्हॉल्व्ह. अंड्यांना धक्का बसू नये म्हणून यंदा तो अर्धाच उघडायचा, अशी सूचना मीच दिली होती.

टाकीत हवा सोडणाऱ्या एरेटरची पारदर्शक नळी शोधली. ती अंड्यापेक्षा बारीक होती. तिच्यातून पाणी हळू सोडलं आणि आम्ही दोघी अंडी जाताना बघत बसलो. अंडं नळीत शिरताना लांबट व्हायचं, औषधाच्या कॅप्सूलसारखं. पुढून गोल, मागून किंचित आत दबलेलं. बाहेर पडलं की परत गोल. एकही फुटलं नाही. मग मी नळी मध्येच चिमटीत दाबली आणि पाण्याचा जोर वाढवला. चिमटीपाशी पाणी सुसाट पळायला लागलं. अंडं एकदम ओढलं गेलं आणि पलीकडे नुसतं साल निघालं.

अंड्याला अरुंद जागा चालत होती. अरुंद जागेतून घाईने ओढलं जाणं चालत नव्हतं. व्हॉल्व्ह अर्धा बंद केल्यावर एकूण पाणी कमी झालं होतं, पण त्या फटीतून जाणारं पाणी मात्र जोरात जात होतं, आणि फटीला धातूची कड होती.

नान्हेकाकांना फोन करून चूक माझीच आहे असं सांगितलं. "मंग आता पुरा खोला," ते म्हणाले.

व्हॉल्व्ह पुरता उघडला. वेग कमी ठेवण्यासाठी खालच्या टाकीतल्या पाण्याची पातळी वाढवली. दोन टाक्यांच्या पाण्याच्या पातळीतलं अंतर कमी झालं की पाणी आपोआप सावकाश उतरतं. वर राहिलेली अंडी खाली यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. सुमनबाई तोवर शेजारी बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्टीलच्या वाटीत टाकीतलं पाणी घेतलं. वाटीभर बारीक रेषा वळवळत होत्या. सुमनबाईंनी वाटी नान्हेकाकांच्या हातात दिली आणि चहा ठेवायला गेल्या. आठवड्याभरात आसपासच्या तलावांत आमचंच बीज पडलं.

तेव्हापासून काही बिघडलं की मी संशयितांची यादी करते. पहिल्या ओळीत माझ्या स्वतःच्या सूचना लिहिते. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते आणि यादी लवकर संपते.