बोंजूर, माझ्या गुलामा!

फ्रेंच बोलणाऱ्या लव्हाल शहरातल्या आमच्या वेअरहाउसमध्ये तो फोर्कलिफ्ट चालवायचा. बुर्किना फासोचा, मोसी जमातीचा. रोज सकाळी पॅकिंगमधल्या एका माणसासमोर गाडी थांबवून हॉर्न द्यायचा आणि ओरडायचा, "बोंजूर, माझ्या गुलामा!"

तो माणूस त्याच्याच देशातला, पण सामो जमातीचा. "गुलाम तू आणि तुझा आजा!" म्हणत तो टाळीसाठी हात पुढे करायचा.

कुणीतरी कम्प्लेंट केली. मॅनेजरने सगळ्यांसमोर मोसीला बजावलं, "हा शब्द पुन्हा ऐकला, तर नोकरी गेली म्हणून समज."

मोसीने हेल्मेट काढून काखेत धरलं. "मोसी आणि सामोंनी एकमेकांची थट्टा करायचीच असते, आणि रागवायचं नसतं. माझा बाप गेला तेव्हा एक सामो आला आणि बापासारखा लंगडत अंगणभर फिरला. रडणारी माझी आई हसली. उद्या मी गप्प बसलो, तर हा विचारेल, माझं काय चुकलं?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजर मुद्दाम दारात उभा राहिला. हॉर्न वाजला. "बोंजूर, माझ्या गुलामा!" नेहमीपेक्षा मोठ्याने.

मॅनेजर काही बोलायच्या आत सामोच पुढे झाला. "सर, माझ्या गुलामाला कामावरून काढायचा हक्क फक्त माझा आहे."

पुण्यात मित्र मला 'गाढवा' म्हणून हाक मारायचे. इथे सगळे माझ्याशी अगदी नीट बोलतात. आग लागो त्या नीट बोलण्याला! मी मेलो तर माझी नक्कल करायला यातलं कुणी येणार नाही.