अक्कानं नावं ठेवलेलं विमान

आमच्या अक्काला एखादी वस्तू आवडली की ती तिला शिव्या घालायची. जुनं बोअरचं मशीन बघायला गेलो की चाकापासून सुरुवात. "हे भंगारवाल्यानं परत पाठवलंय काय?" मालक आधी चिडायचा, मग रडकुंडीला यायचा आणि शेवटी किंमत उतरवून हात जोडायचा. आमच्या सगळ्या गाड्या अशा अपमान होऊनच घरी आल्या. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हाही अक्कानं तिच्यादेखत पोह्यांना नावं ठेवली. परत येताना गाडीत म्हणाली, "पोरगी सोडू नको."

वडील गेल्यावर बोअरवेलच्या धंद्यात आम्ही बहीणभाऊ निम्मे-निम्मे. ऑफिसात चारचौघांत ती मला बैल म्हणायची आणि जेवताना शेंगाचटणी आधी या बैलाच्या भाकरीवर वाढायची.

पैसा आला आणि मला अवदसा आठवली. एक छोटं, वापरलेलं जेट विमान घ्यायचं. कामं कर्नाटकापासून छत्तीसगडपर्यंत, वेळ वाचेल, असं मी सांगत सुटलो. खरं कारण म्हणजे मोडनिंबच्या साडूनं परदेशी गाडी घेतली होती.

बरीच भांडणं होऊन अक्का हैदराबादला विमान बघायला आली. टायवाला एजंट अदबीनं पुढे झाला. अक्का शिडी चढली, कमरेत वाकून आत गेली आणि तशीच बाहेर आली. "वडापच्या जीपमधी याच्यापेक्षा ऐसपैस बसतंय माणूस. ह्यात तर रांगत जायचं. हितं घाम गाळायचा आन् तितं वर जाऊन मरायचं!" इंजिनांना तिनं दोन बंद पडलेले कूलर म्हटलं. मी मनात खूश. एवढ्या शिव्या तिनं आजवर कशालाच दिल्या नव्हत्या. म्हणजे विमान फारच आवडलं असणार.

मग ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "तम्मा, बेड. नको हे. मी यात न्हाय." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, बेड म्हणजे नको. कानडीत ती फक्त घरात बोलायची. मला वाटलं, हा नवा डाव. ती तरातरा गाडीकडे निघाली. आता एजंट मागे धावणार म्हणून मी थांबलो. एजंट जागचा हलला नाही. तेव्हा सौदा पक्का करायला मीच पिशवीतला नारळ काढला आणि ट्रकच्या बंपरवर फोडतो तसा विमानाच्या नाकावर आपटला.

नारळ शाबूत राहिला. नाकाला तडा गेला. ते नाक लोखंडाचं नसतं, पातळ कवच असतं, हे मला एजंटनं तितक्याच अदबीनं सांगितलं. नुसत्या नाकाची भरपाई देऊन हात हलवत परत यायची मला लाज वाटली. माझ्या हिश्शाच्या गाड्या गहाण टाकून मी अख्खं विमान घेतलं.

अक्का भांडली नाही. वाटणी करून मागितली, आपल्या गाड्या घेऊन वैरागला गेली. विमान हैदराबादेत उभं आहे. उभं राहायचंही भाडं खातं.

पंचमीला तिच्या घरी गेलो. 'या' म्हणाली. खुर्ची पुसून दिली, पाहुण्यांचे सोनेरी काठाचे कप काढले. विमानाची चौकशी केली. "झ्याक असंल की," म्हणाली. "तुमी निवडलंय म्हटल्यावर."

मी शिवीची वाट बघितली. मग न राहवून म्हणालो, "अक्का, चहा आहे का गटाराचं पाणी?"

"ऱ्हाऊ द्या, दुसरा आणते," म्हणाली आणि कप उचलून आत गेली.