तात्यांचा खोकला

तात्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दादाला पेपर वाचून दाखवत होते. दादा माझा थोरला भाऊ, आता डोळ्यांनी अधू झालाय. निरोप ऐकून तो एवढंच म्हणाला, "वाच पुढे." मी वाचलं. काय वाचलं ते आज आठवत नाही...

लालबागच्या आमच्या चाळीत तात्या शेजारच्याच खोलीत राहायचे. दादा आणि ते एकाच गिरणीत, एकाच खात्यात. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत पहिली पाळी सुटली की तात्या गॅलरीत स्टुलावर बसून पेपर वाचून दाखवायचे. चाळीत वाचता येणारे थोडे, ऐकणारे पुष्कळ. एक पेपर समितीच्या बाजूचा आणि एक गिरणीमालकांच्या; त्या दुसऱ्याला तात्यांखेरीज कुणी हात लावत नसे. दुसरा कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "दुश्मन काय म्हणता ताही कळाक व्हया." वाचता वाचता मध्येच खोकायचे. कापसानं छाती धरलीय, असं सगळे समजायचे.

महापालिकेच्या निवडणुकीला आमच्या वॉर्डातून समितीनं कुणाला उभं करायचं, यावरून जुंपली. एकीकडे दादा, दुसरीकडे रात्रशाळेचे मास्तर. दोघेही आपलेच, पण मालकांच्या पेपरला चेव आला. तात्या रोज वाचायचे, मास्तर आगलावे आहेत, मास्तर पोरांना बिघडवतात. दादाचं नावसुद्धा नसायचं. समोर बसून ऐकणारी आई खूश. आपल्या लेकाला कुणी वाईट म्हणत नाही, म्हणून त्याची दृष्ट काढायची. इकडे चाळीत कुजबुज सुरू झाली. गिरणगावात मालकांच्या पेपरची शिवी म्हणजे चांगल्या चालचलणुकीचा दाखला. मग दादाला शिवी का नाही? कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोकांनी ठरवलं. सभेत हात वर झाले ते मास्तरांसाठी, आमच्या मजल्यावरचेसुद्धा. दादा त्यानंतर कुठल्याच सभेला गेला नाही. आपलं काय चुकलं, हे मात्र आईला किती दिवस विचारत राहिला.

पुढे मी मास्तरांच्याच रात्रशाळेत वाचायला शिकले. एकदा तात्यांच्या घरी फडताळातले कागद बदलताना त्या दिवसांतला एक पेपर हाती आला. दादाचं नाव ठळक छापलेलं. भाडोत्री, दंगेखोर, दारुडा... मास्तरांच्या दुप्पट शिव्या. मी तो तात्यांसमोर धरला. ते खाली मान घालून म्हणाले, "तुझी आवस समोर बसायची गो. माका वाचूक जमला नाय."

मला राग आला आणि रडूही आलं. दादाला सांगू नको, असं ते म्हणाले नाहीत, तरी मी सांगितलं नाही. मायेनं केलं, हे खरं. पण गिरणीत जन्म काढलेल्या माणसाला त्या शिवीची किंमत कळली नसेल? की मनातून त्यांना मास्तरच हवे होते? आई गेली तेव्हा खांदा द्यायला पहिले तेच पुढे आले. मला अजून काही उलगडत नाही.

परवा पेपरात तात्यांवर चार ओळी आल्या. शेवटची ओळ अशी, की उमेदवारीच्या वादात ते मास्तरांच्या बाजूनं ठाम उभे होते. ती मी गाळली आणि खोकले.

"तात्यासारखी खोकू नको," दादा म्हणाला. "लिहिलंय तसं वाच."

मी वाचलं.

"खोटं छापलंय," तो म्हणाला. "तात्या आपल्या आईच्या बाजूला होता."

हे त्याला कधी कळलं, कुणी सांगितलं? रोज पेपर उघडला की विचारीन म्हणते, आणि मला खोकला येतो.