काचा जपणारे मामा

"आज बरं हाय त्याला," असं म्हणूनच मामा माझं स्वागत करायचे. आधी तळवा धोतराला पुसायचा, मग देवळाच्या भिंतीवर टेकवायचा आणि मग हा निर्वाळा द्यायचा. तापकरी लेकराचं कपाळ बघावं तसं.

किल्लारीकडच्या एका जुन्या गावठाणात भूकंपानंतरही एवढं एक दगडी देऊळ तग धरून होतं. गाव नव्या जागी गेलं. मामा तिथून रोज पायी पहाऱ्याला यायचे. दिवसभर बोलायला कुणी नाही. त्यामुळे मी लातूरच्या पुरातत्त्व कचेरीतून पाहणीला गेलो की त्यांना थांबवणं मुश्कील. बायकोबद्दल मात्र एकदाच बोलले. "घर पडलं, ती गेली. हे तेवढं उभं राहिलं. मग ह्यालाच धरलं." असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल.

देवळाच्या उत्तरेच्या भिंतीला भेग होती. मी तिच्यावर काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टरनं आडव्या चिकटवल्या. भिंत हलली की काच फुटते आणि आपल्याला कळतं. हे मामांना सांगायला हवं होतं. पण ऊन रणरणत होतं, मला निघायची घाई. उरलेल्या पट्ट्या आणि प्लास्टरची पुडी त्यांच्याकडे ठेवायला दिली आणि थट्टेनं म्हणालो, "काचा जपा बरं का मामा, सरकारी आहेत."

"जीवापाड जपतो, साहेब."

आपत्ती येण्याआधीच जुन्या वास्तू सावरायला सरकारी मदत मिळणार होती. ज्यांच्या भेगा वाढताहेत, त्यांचा नंबर आधी. मी जाईन तेव्हा आमच्या सगळ्या काचा अखंड, वर फडक्यानं लख्ख पुसलेल्या. मी अहवालात लिहिलं, 'भेग स्थिर'. देऊळ यादीतून गळलं. मला उलट बरंच वाटलं.

भादव्यात तीन दिवस पावसानं उसंत दिली नाही. उत्तरेची भिंत बसली. मग पंचनामा झाला आणि आपत्तीनंतरची मदत मात्र लगेच मंजूर झाली.

आठवड्याभरानं मामा कचेरीत आले. टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली. आत कागदात गुंडाळलेले काचेचे तुकडे.

"हे काय, मामा?"

"फुटलेल्या काचा. सरकारी माल हाय, माझ्याकडं कशाला? फुटली की मी नवी लावायचो. तुमच्या संपल्या तवा फोटो-फ्रेमवाल्याकडून कापून आणल्या. तुमाला एक बी फुटकी दिसू दिली न्हाई."

मी तुकडे मोजायला लागलो. ते माझ्याकडे बघत होते.

"माझं काय चुकलं का, साहेब?"

"नाही मामा. तुमचं काहीच नाही."

ते खरंच होतं. पण मग कुणाचं चुकलं, हे सांगायची हिंमत मला झाली नाही. मामा चहा न घेताच स्टँडकडे गेले.

भिंतीचं काम सुरू झालं, त्या दिवशी मामा आले नाहीत. चूक माझी होती हे सांगायचंच, असं ठरवून मी नव्या गावात त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं.

शेजारीण म्हणाली, "लेकीकडं किनवटला गेलेत. पुना न्हाई यायचे. मी म्हणलं, देवळाचं काम तरी बघून जावा. तर म्हणले, काचा बदलून बदलून म्याच पाडलंय त्याला, कोणत्या तोंडानं जाऊ?"