इंजिन रिकामं चालतंय

मी फार बोलणारा माणूस नाही. फौजेत वीस वर्षं गाड्यांची इंजिनं दुरुस्त केली, तिथं तोंडापेक्षा पान्यालाच काम जास्त. पण ही गोष्ट पोटात ठेवून ठेवून आता पित्त व्हायला लागलं आहे, म्हणून सांगून टाकतो. मी थोरल्या भावाशी खोटं बोललो. एकदा नाही, वर्षाच्या अंतरानं दोनदा. आणि नुसत्या तोंडानं नाही, तर इंजिन चालू करून.

फौजेतून सुटल्यावर उंब्रजच्या एका जोडीदाराच्या ओळखीनं मी शिडाच्या बोटीवर लागलो. चाळीस फुटी बोट. मालक-मालकीण परदेशी, दोघंही पासष्टीच्या पुढचे, हौसेनं समुद्र हिंडणारे. आमच्या कडेगावकडं ‘बोटीवर असतो’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं डब्यांवर डबे रचलेलं लोखंडी धूड येतं. मी ती समजूत कधी खोडली नाही. बायको साताऱ्यात शाळेत शिकवते. खरं तिला एकटीला माहीत होतं: नवरा बोटीवर मिस्त्री, आचारी, धोबी आणि झाडूवाला आहे, आणि बोट वर्षातले सात-आठ महिने जागची हलत नाही.

लोकांना वाटतं, शिडाची बोट म्हणजे वारा आणि लाटा. असतील, पण ते थोडे दिवस. बाकी वेळ ती बंदरात उभी असते आणि तिच्यात रोज काहीतरी गळतं, गंजतं किंवा तुंबतं. हिवाळ्यात आम्ही गोव्यात एका नदीच्या मुखाशी, जुन्या धक्क्याला बांधलेले असायचो. नाताळ जवळ आला की मालक-मालकीण विमानानं घरी जायचे ते फेब्रुवारीत उगवायचे. मागं मी एकटा. सकाळी पाववाला सायकलचा भोंगा वाजवत धक्क्यावर यायचा, दुपारी मासे यायचे. दोरीवर चड्ड्या वाळत घालायच्या आणि डेकवर पडायचं. सुख म्हणतात ते हेच असावं. म्हणूनच मला ते सोडवेना.

तिकडं घरी आण्णांना, म्हणजे आमच्या वडलांना, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. डोकं शाबूत, जीभ जड, पण शिवी स्पष्ट. सगळं अंथरुणातच. आई आधीच गेलेली, आणि वहिनीला ते हात लावू देईनात. “सुनंकडनं धुवून घिऊ व्हय?” म्हणून ओरडायचे. म्हणजे राहिला दादा. दिवसातून दोनदा-तीनदा दादाच त्यांना कुशीवर करायचा, पुसायचा, धुवायचा.

मी सुट्टीवर गेलो होतो तेव्हा दादा म्हणाला, “जरा पाठीमागनं धर रं.” मी धरलं. वास आला. मी ‘फोन आला’ म्हणून बाहेर गेलो आणि गोठ्यामागं जाऊन उभा राहिलो. फोन आला नव्हता.

पुढं हिवाळ्यात दादाचा फोन आला. “तोड आलीया. पंधरा दिस ये. तू आण्णांपाशी बस, मी फडात ऱ्हातो.”

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊस आपल्या सोयीनं तोडता येत नाही. कारखान्याची टोळी पाळीनं येते, आणि आली की शेतमालकाला दिवसभर फडात, म्हणजे उसाच्या रानात, उभं राहावं लागतं. कोयते चालू ठेवायचे, वाट करून द्यायची, गाडी भरून घ्यायची. तुम्ही नसाल तर टोळी शेजारच्या रानात शिरते आणि तुमची पाळी जाते शेवटाला. तोवर उसाला तुरा येतो. तुरा दिसायला झकास असतो, पण ऊस आतून पोकळ पडत जातो.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी मी म्हणालो, “दादा, बोट समुद्रात हाय. आता कसा येणार?”

हे पटावं म्हणून मी केबिनमध्ये उतरून इंजिन चालू केलं होतं, त्याच्यावरची फळी काढली होती आणि फोन तिथं धरून ओरडत होतो.

“मग ह्यो फोन कसा लागला?”

“बोटीवर टावर असतोय!”

दादानं विश्वास ठेवला. आण्णांनाही ऐकू जावं म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला होता; पाठीमागून आण्णा काहीतरी पुटपुटले, ते मला कळलं नाही. फोन ठेवला आणि मी हातातल्या कामाकडं वळलो. काम कोणतं, तेही सांगतो. त्याच दिवशी बोटीचा संडास तुंबला होता. या संडासाला हातपंप असतो, दांडा वरखाली करून घाण बाहेर ढकलायची. पोटातून आलेलं सोडून दुसरं काही त्यात टाकायचं नाही, असा नियम. तो मालकीणबाईंनीच मोडला होता आणि विमानात बसल्या होत्या. मी पंप खोलला, नळी काढली, आणि कोपरापर्यंत हात घालून दोन परक्या म्हाताऱ्यांचा गू दिवसभर उपसला. शीळ घालत. जन्मदात्याच्या कुशीपाशी मला ओकारी येत होती. हे दोन्ही हात माझेच.

त्या साली आमच्या उसाला तुरा आला. 

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तोड, पुन्हा फोन. मी पुन्हा इंजिन चालू केलं. फक्त सकाळची वेळ होती, हे डोक्यातून गेलं.

“खवळलाय समुद्र!” मी ओरडत होतो, एवढ्यात धक्क्यावर पों-पों वाजलं.

“ह्यो कसला आवाज?”

“दुसऱ्या बोटीचा भोंगा!”

दुसऱ्या बोटीच्या भोंग्यानं डेकवर वाकून, चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, “ओ बोटवाले, पाव किती देऊ?”

 मग दादा म्हणाला, “खवळल्याल्या समुद्रात पाव घरपोच मिळतोय. बरी सोय हाय.” आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी धक्क्यावर एक जीप येऊन उभी राहिली. मागच्या बाजूला गादी, गादीवर आण्णा, उशाला बेडपॅन आणि फरशी पुसायचं फिनेल. दादा उतरला. पत्ता माझ्या बायकोनंच दिला असणार. चिडलेला दिसत नव्हता, त्यामुळं मी जास्तच घाबरलो.

“भरती कवा?” त्यानं विचारलं. समुद्र बघून माणूस पहिल्यांदा हे विचारत नाही. वाटेत कुणाला तरी विचारून आला होता.

“आत्ताच हाय.”

“मग धर.”

भरतीला आमची डेक धक्क्याच्या बरोबरीनं येते. प्लास्टिकच्या खुर्चीत आण्णांना बांधलं, दोन कोळी मदतीला आले, आणि चौघांनी मिळून पालखीसारखं अलगद बोटीवर घेतलं. आण्णांनी डोलकाठीकडं वर बघितलं, खाली माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “ह्येच का तुजं जहाज? ह्याच्यात आपली म्हस बी मावायची न्हाई.”

दादा धक्क्यावरून म्हणाला, “तोड उद्यापास्नं हाय. झाली की येतो.”

“आरं पण दादा, इथं...”

“हितं समुद्र हाय, पाव हाय, तू हायस. आणि काय पायजे?” जीप वळली सुद्धा.

मी मालकीणबाईंना घाबरत घाबरत कळवलं. त्यांचं उत्तर आलं की वा, फार छान, फोटो पाठव. आता कशाचे फोटो पाठवणार?

पहिल्या दिवशी मी नाकाला रुमाल बांधला. आण्णा म्हणाले, “दरोडा टाकायला आलायस का धुवायला?” दुसऱ्या दिवशी रुमाल सोडला. पहिले तीन दिवस मी जेवलो नाही हे खरं, आणि चौथ्या दिवशी भूक लागली हेही खरं. माणूस सरावतो, त्यात थोरपण काही नाही. आण्णांना कुशीवर कसं करायचं, तेही त्यांनीच शिकवलं. शिव्या घालत. संडास बघून तर ते हरखले. “दांडा मारायचा? म्हंजे ह्यो हापसाच की!” डाव्या हातानं दांडा मारण्याचा हट्ट धरायचे. मग मी त्यांना दोन्ही काखेत धरायचो आणि बापलेक मिळून हापसायचो. दुपारी डेकवर बसवून बादलीनं आंघोळ. येणारेजाणारे कोळी हात करायचे, आण्णा एका हातानं राजासारखा नमस्कार घ्यायचे.

दहाव्या दिवशी बॅटऱ्या भरायला मी इंजिन चालू केलं. आण्णा डोळे मिटून ऐकत राहिले. तरुणपणापासून आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन त्यांनीच चालवलं होतं. बांधावर पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून सांगायचे, पाणी चढतंय की सुटलंय.

“गेल्या साली फोनवर ऐकवलंस त्ये ह्येच का?”

“व्हय.”

“रिकामं चालत हुतं. वझं नव्हतं त्येच्यावर. उभ्या बोटीचं इंजन.” त्यांचं बोलणं तुटक, शब्द लोळणारे, पण एवढं मला नीट कळलं.

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. “मग तवाच दादाला का सांगितलं न्हाई?”

“सांगून काय? त्यो मला टाकून तुला हाणाय आला असता. मग मला मुताय कुणी बसवलं असतं?” त्यांनी डावा हात इंजिनाकडं केला. “जरा वझं टाक की त्येच्यावर.”

मी गिअर टाकला. बोट पुढं ओढ घ्यायला लागली, धक्क्याचे दोर ताणून करकरले, मागं पाणी घुसळून निघालं. इंजिनाचा आवाज खाली, जाड झाला. आण्णांनी मान हलवली. तेवढीच.

सतराव्या दिवशी दादा आला. हातावर उसाच्या पाल्यानं चिरल्याच्या रेघा, चेहरा रापलेला. फड साफ झाला होता, शेवटची गाडी काल गेली होती. मी चहा दिला. दुपारच्या भरतीला आण्णांना उतरवायचं ठरलं. मी मनात ठरवत होतो, जीप निघताना बोलू, नाहीतर पोचल्यावर फोनवर बोलू.

आण्णा म्हणाले, “सांगतोस का मी सांगू?”

“काय?” दादानं विचारलं.

“दादा, गेल्या साली बी मी हितंच हुतो. धक्क्याला. पहिल्यापास्नं.”

दादानं चहा संपवला. कप धुतला. “संडास कुठाय?” एवढंच म्हणाला आणि खाली गेला.

मग हापसण्याचा आवाज आला. बराच वेळ आला. नंतर कटकन थांबला. मी खाली गेलो तर दांडा अडकलेला, आणि दादा शांतपणे म्हणाला, “तंबाखूची पुडी पडली आत.”

पंप पुन्हा खोलावा लागला. मी गुडघ्यावर बसलो, कोपरापर्यंत हात घातला. दादानं टॉर्च धरला होता. अगदी जिथं पाहिजे तिथं, नेमका, जराही न हलवता. मी नळी पिळत होतो आणि तो वरून बघत होता.

“गेलं साल सगळं मी ह्येच करत हुतो,” तो म्हणाला. “फकस्त मला पाना लागत नव्हता.”

मी मान वर केली नाही. ती पुडी चुकून पडली की टाकली, हे विचारायची छाती मला आजवर झालेली नाही.

एवढ्यात वरून आण्णांची हाक आली. “आरं ए, आवरा की! मला जायाचंय!”

सवयीनं दादा उठला. टॉर्च त्याच्या हातात तसाच.

“बस तू,” मी म्हणालो. संडास तर खोलून ठेवलेला होता, त्याचा उपयोग नव्हता. मी हात धुतले, बेडपॅन आणि बादली घेतली आणि वर गेलो.