नानांनी आधी मला सांगायला हवं होतं

नाना मिस्त्री गेल्याचं मला धारच्या मोटारस्टँडवर कळलं. देवासहून आलेल्या बसचा ड्रायव्हर उतरता उतरता म्हणाला, "भिया, तुम्हारे नाना चल बसे." मी तिथंच बाकावर बसलो. नाना माझे की दुसऱ्याचे, यावरूनच तर मी सात वर्षं त्यांच्यावर धुमसत होतो...

नाना देवास संस्थानच्या मोटारखान्यात मिस्त्री होते. संस्थान विलीन झालं, मोटारखाना बंद पडला आणि असला कसबी माणूस घरी बसला. मी मंडईत पोती वाहून वर आलेला, तेव्हा नुकत्याच दोन लॉऱ्या केल्या होत्या. नानांना धारला आणून कामावर ठेवलं ते मी. म्हणजे नाना माझा माणूस, असं मी धरून चाललो.

पुढं देवासच्या माईसाहेबांची मोटार विकायची असल्याचं कळलं. त्यांचे यजमान संस्थानात अंमलदार होते. लढाईत पेट्रोलचं रेशनिंग आलं, तेव्हापासून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर उभी. टायर भेगाळलेले, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालेला. हँडल मारलं तर जागचं हलेना. "इंजिन मेलंय, माईसाहेब," मी म्हणालो, "भंगार म्हणूनच नेतो." जाम झालेलं इंजिन सुटेल, असं मला आतून वाटत होतं, पण तसं बोललो असतो तर भाव चढला असता. त्या बिचाऱ्या कबूल झाल्या. पैसे गाडी नेताना द्यायचे ठरले.

लग्नसराई तोंडावर होती, राजगढच्या वऱ्हाडांची भाडी मला हवी होती. दुसऱ्याच दिवशी मी बैलजोडी आणली. गाडी गिअरमध्ये टाकून ओढली की इंजिन झक मारत सुटेल! नानांनी येऊन दोर सोडला.

"पिस्टनच्या रिंगा मोडतील. बैलांना ताकद आहे, अक्कल नाही."

"आणि मला?"

"तुम्हाला दोन्ही आहे, बापूराव. दम तेवढा नाही."

त्यांनी प्लग काढून सिलिंडरांत तेल आणि रॉकेल ओतलं. मग रोज सकाळ-संध्याकाळ हँडलवर हाताचा नुसता भार द्यायचे, दुखरा गुडघा चोळावा तसे. आठव्या दिवशी हँडल बोटभर सरकलं. नानांनी हात पुसले आणि सरळ माईसाहेबांच्या ओसरीवर जाऊन उभे राहिले. "माईसाहेब, इंजिन जिवंत आहे. सौदा भंगाराचा झालाय." मी त्यांच्या मागेच उभा होतो!

"मग, बापूराव?" माईसाहेबांनी एवढंच विचारलं. मला गाडीचा भाव द्यावा लागला. अंगणात येऊन मी ओरडलो, "नाना, तुम्ही माझे की त्यांचे?" ते कार्बोरेटर धूत राहिले.

तीन आठवड्यांत गाडी धावू लागली. सात वर्षं धार-देवास केली, एकदाही पॅसेंजर वाटेत उतरवावा लागला नाही. असा हात मी पुन्हा पाहिला नाही. पुढं मी जुन्या गाड्या दुरुस्त करून विकू लागलो; लोक माझ्याकडून गाडी घेताना एकच विचारायचे, "नानांनी पाहिलीय ना?" नानांनी हो म्हटलं की घासाघीस संपली. यात फायदा माझाच होता, हे मला कळत होतं. तरी राग काही जाईना.

गेल्या महिन्यात देवासला त्यांना पाहायला गेलो. खाटेवर पार वाळले होते. तिथंही मी विचारलंच, "नाना, आधी मला का नाही सांगितलंत?"

ते छताकडे बघत म्हणाले, "तुम्ही मला गप्प बसा म्हणाला असतात. तुमचं मीठ खात होतो. गप्प बसावं लागलं असतं."

मी चहा न घेताच उठलो. तीच शेवटची भेट.

परवा टोंकखुर्दला एक बंद गाडी पाहायला गेलो. मालकानं विचारलं, "भिया, चलेगी क्या?" 'इंजिन मेलंय' हे नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं. मी शेजारी, नाना उभे असायचे तिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. मग मीच म्हणालो, "चलेगी." आणि भाव करायला बसलो. तासभर कडाडून भांडलो.