आवाजाच्या डॉक्टर

"आहे तसंच टाइप करा, काका," असं म्हणून बाई खुर्ची ओढायच्या आणि मशीनच्या शेजारीच बसायच्या. मी परस्पर एखादा शब्द मऊ करीन, अशी त्यांना शंका होती. ती खरीही होती.

माझा वाशीत टायपिंगचा क्लास होता. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. तेव्हाची वाशी तुम्ही पाहिली असेल, तर नव्या इमारती आणि मधले ओसाड प्लॉट आठवतील. बाई समोरच्याच इमारतीत राहायच्या. नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात इंजिनीयर, अबोल माणूस. दारावरच्या पाटीवर बाईंच्या नावाआधी 'डॉ.' होतं, म्हणून शेजारी ताप-खोकला घेऊन यायचे. "मी औषधाची नाही, आवाजाची डॉक्टर," बाई सांगायच्या. त्यावर तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मग घसा तरी बघ."

त्यांचा विषय सिग्नल प्रोसेसिंग. मला त्यांनी एवढंच समजावलं होतं, की गरोदर बाईच्या पोटावर यंत्र लावलं तर आईच्या ठोक्यांत बाळाचे ठोके बुडून जातात. ते गणितानं वेगळे काढायचे. पीएचडी झाली होती. आता एखाद्या विद्यापीठात त्याच कामावर पुढचं संशोधन करायची जागा त्यांना हवी होती. देशातल्या, परदेशातल्या प्राध्यापकांना त्या अर्ज पाठवत. टाइप मी करायचो.

मधली काही वर्षं अर्जात रिकामी होती. 'घरगुती कारणामुळे' असं घालू, मी सुचवलं.

"मी काय तुरुंगात होते?" बाई म्हणाल्या. "मुलगी झाली म्हणून घरी होते. तसंच लिहा."

नकार यायचे. बरेचदा तेही यायचे नाहीत. एका विद्यापीठानं मात्र मुलाखतीला बोलावलं. कामाबद्दल जुजबी विचारून झाल्यावर एका प्राध्यापकांनी मुलीला कोण सांभाळणार, असं विचारलं. बाईंनी उलट विचारलं, "सर, तुमच्या मुलांना कोण सांभाळतं?"

जागा गेली. इमारतीत सगळे हळहळले आणि दोष त्यांनाच दिला. तुर्भ्याला टीव्हीच्या कारखान्यात तपासनिसाची नोकरी मिळत होती. ती घ्या, असं मीही म्हणालो. त्या रागावल्या नाहीत. पुढच्या अर्जाचा मसुदा माझ्यापुढे सरकवला.

शेवटी जर्मनीहून होकार आला. दोन वर्षांची जागा, पण राहायची सोय एकटीपुरती. आधी हो म्हणा, मुलीचं मागाहून बघू, असं सासर-माहेर, शेजारी सगळेच सांगू लागले. बाईंनी कळवायचं ठरवलं, की मुलीसकट येईन, नाहीतर येणार नाही. ते टाइप करताना माझा हात थांबला. हातचं गेलं तर, मी विचारलं.

"गेलं तर दुसरं शोधेन. मुलीला लपवून कुठंही जाणार नाही."

पुढचे कित्येक आठवडे पोस्टमन दिसला की मीच उठून दारात जायचो. बाई मात्र शांतपणे नवे अर्ज करून घेत होत्या. मग एकदाचं उत्तर आलं: मोठी खोली देतो, दोघी या.

त्या मुलीला घेऊन गेल्या. दोन वर्षांची मुदत पुढे वाढली, तशी सोसायटीत कुजबुज सुरू झाली. सत्यनारायणाच्या पूजेला सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत त्यांच्या नवऱ्याला छेडलं, "काय साहेब, मिसेसना परत कधी बोलावताय?"

मी शेजारीच बसलो होतो. या माणसाला काही सुचणार नाही, म्हणून विषय बदलायला मी तोंड उघडलं. त्यांनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला.

"तिला कशाला बोलवायचं?" ते म्हणाले. "राजीनामा दिलाय. मीच चाललोय."